स्टँडच्या भोंग्यावर इको

आवाजातलं मला कळतं! बाकीच्यांना कळत नाही, त्याला मी काय करू? प्रत्येक माणसाला दोन कान मिळालेले असतात. पण आमच्या गावात माझ्याखेरीज ते कुणी वापरल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

गावाचं नाव विचारू नका. धुळे-जळगाव रस्त्यावर आहे, एवढं पुरे. पुढचं वाचल्यावर तुम्हीच म्हणाल, बरं झालं सांगितलं नाही.

मी पितांबर सुरवाडे. दिवसा एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खोलीत बसून भोंग्यावर गाड्या पुकारतो, आणि संध्याकाळी लोटनभाऊ बिऱ्हाड्यांच्या 'तापी तरंग' ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. पहिलं पोटासाठी, दुसरं कलेसाठी. निदान चौऱ्याण्णव सालच्या त्या एप्रिलपर्यंत तरी असंच चाललं होतं.

लोटनभाऊ आमचे मुख्य गायक आणि मालकही. गळा खणखणीत, पण कानाच्या बाबतीत तेही गावचेच! समाजमंदिरात तालीम चालली होती. माझा एक अवघड तुकडा वाजवून झाला. मी दाद मिळेल म्हणून मान वर केली, तर लोटनभाऊ म्हणाले,

"पितांबर, तुझी गिटार लय कोरडी वाजते रे! पत्र्यावर फुटाणे सांडल्यासारखी."

"फुटाणे?"

"बाबासाहेबांच्या जयंतीला आठवडा राहिला. मैदानावर कार्यक्रम आहे, पंचक्रोशी येणार. जरा ओलावा आण तिच्यात. नाही तर राहू दे. आपला कीबोर्डवाला म्हणतो, त्याच्या पेटीत गिटारीचं बटण आहे."

बटण! बारा वर्षं तारा दाबून माझ्या बोटांना घट्टे पडले, त्या बोटांच्या जागी बटण! कीबोर्डवाला दात काढून हसत होता. त्या माणसाला सा कुठला आणि नी कुठला हे पट्टीवर खडूनं लिहून ठेवावं लागतं.

पण ओलावा म्हणजे काय, ते मला बरोबर कळलं. रिव्हर्ब! विहिरीत वाकून हाक मारली की आवाज घुमून येतो ना, तसा गिटारीचा आवाज घुमवणारं एक पेडल मिळतं. गिटारीची वायर त्यातून काढून अँप्लिफायरमध्ये घालायची, आणि पेडल पायाने दाबलं की आवाज घुमायला लागतो. ते आणलं की लोटनभाऊंची बोलती बंद आणि कीबोर्डवाल्याचं बटणही.

आमच्याकडे ही वस्तू दुकानात विचारली तर सायकलचं पेडल दाखवतात. तरी माझ्या ओळखीपाळखी दांडग्या! दोन दिवसांत एक सोडून दोन पेडलं माझ्या हाती आली.

पहिलं तोतारामचं. तोताराम आमच्या चौकातला रेडिओ मेकॅनिक. त्याने दुरुस्त केलेला रेडिओ मी अजून पाहिलेला नाही, उघडलेले पुष्कळ पाहिलेत. त्याने बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात दोन लांब स्प्रिंगा ताणून बसवल्या होत्या. म्हणे आवाज एका टोकाने आत शिरतो, स्प्रिंगांतून थरथरत जातो आणि घुमून बाहेर येतो.

"दादा, फक्त डबा हलवू नका," तोताराम म्हणाला.

"का? बिस्किटं फुटतील?" मी म्हटलं. बिचारा हसलासुद्धा नाही. विनोदही कानानेच कळतो.

दुसरं पेडल जपानी! निळं, गुळगुळीत, साबणाच्या वडीएवढं. ते रावेरच्या धनसिंगचं. धनसिंग पूर्वी एका बँडमध्ये गिटार वाजवायचा. पुढे केळीच्या गाड्या भरायला लागला आणि गिटार सुटली. ते पेडल त्याच्या मेहुण्याने मस्कतहून आणलेलं. मंगळवारी सकाळी धुळ्याला जाताना तो आमच्या स्टँडवर उतरला आणि पेडल माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला,

"दिवसभर वाजवून पाह्य भाऊ. चार वाजता मी वापस येतो. ठेवायचं असलं तं ठेव, नाही तं दे. शिरपूरचा एक जण कधीचा मागून राह्यला."

म्हणजे चारच्या आत निवड करायची होती. आणि माझा अँप्लिफायर होता लोटनभाऊंच्या खोलीत, खोलीला कुलूप, आणि किल्लीसकट लोटनभाऊ गेलेले एरंडोलला, मावसभावाच्या लग्नाला!

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. मी वर पाहिलं. माझ्या खोलीत एसटीचा अख्खा अँप्लिफायर होता. त्याला जोडलेले चार भोंगे स्टँडच्या चार कोपऱ्यांवर तोंड वासून बसलेले. मैदानावरच्या कार्यक्रमासाठी पेडल निवडायचं, तर मोठ्या जागेतच ऐकायला हवं! मी घरी सायकल पिटाळली आणि गिटार पोत्यात गुंडाळून आणली.

मॅनेजरसाहेबांनी सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं, "आज विभागाचे मोठे साहेब तपासणीला येणार आहेत. कधी येतील सांगता येत नाही. शिस्तीत राहा." ते स्वतः फाटकापाशी उन्हात उभे होते. साहेबांची जीप नाक्यावर वळली की त्यांना पहिल्यांदा दिसावी म्हणून. माणूस उन्हात शिजत होता, पण मला एकांत मिळाला!

सव्वाबाराला गर्दी जरा ओसरली. गिटार तोतारामच्या डब्याला जोडली, डबा अँप्लिफायरला. एकच तार हळूच छेडली. बाहेरच्या चारी भोंग्यांतून आवाज आला, "टंऽऽऽऽ..." वा! स्टँडवरचं एक झोपलेलं कुत्रं उठून बसलं. त्याला कळलं. बाकी दीडशे माणसं केळी सोलत होती.

दुसरी तार छेडणार, एवढ्यात पाचोरा गाडी माझ्या खिडकीला घासून मागे आली. खोली हादरली, टेबल हादरलं, आणि टेबलावरचा डबा हादरला.

"धडाडऽऽऽ धूम!"

असा गडगडाट मी उभ्या पावसाळ्यात ऐकला नव्हता. आत स्प्रिंग स्प्रिंगेवर आपटली होती एवढंच. पण चार भोंग्यांतून ती वीज कोसळल्यासारखी निघाली. मी डबा धरायला गेलो, तर हाताचा धक्का लागून पुन्हा, "धडाड धूम!"

बाहेर एकच पळापळ! आभाळ कोरडं ठणठणीत, पण वर बघतो कोण? टपावर गव्हाची पोती चढवलेला एक कंडक्टर ताडपत्री घेऊन वर धावला. एका नवरदेवाला त्याच्या मामाने छत्रीखाली घेतलं. आणि कॅन्टीनवाल्या कुंदाबाईंनी गच्चीवर वाळत घातलेले उडदाचे पापड दोन्ही हातांनी ओरबाडून टोपलीत कोंबले. पापड ओले होते. ओले पापड टोपलीत कोंबले की काय होतं, ते तुमच्या घरच्यांना विचारा.

पाच मिनिटांनी कुंदाबाई माझ्या दारात उभ्या. हातात नारळाएवढा पांढरा गोळा.

"काय रे भाऊ, आभाय गरजनं ना? मंग पानी कोठे शे?"

"कुंदाबाई, ते आभाळ नव्हतं. स्प्रिंग रिव्हर्ब होता."

"कोन व्हता?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"माले नही समजाव? मना बठ्ठा पापडस्ना गोया व्हयना, तो समजस ना माले!" गोळा माझ्या टेबलावर आपटून त्या निघून गेल्या. डबा पुन्हा गडगडला. बाहेर पुन्हा छत्र्या उघडल्या.

तोतारामचा डबा बाद! मी तो फळीवर टाकला आणि जपानी पेडल घेतलं.

आता गिटार वाजवायची सोय नव्हती. तीन वाजत आले तरी खिडकीतून माणसं डोकावत होती. पण माझ्या डोक्यात कल्पनांना कधी तोटा नसतो. गाड्या पुकारणं हे तर माझं कामच! माइकची वायर पेडलमधून काढली आणि पेडल टेबलाखाली पायाशी ठेवलं. गिटार काय, गळा काय, घुमायचं ते घुमणारच.

पेडलला एक खटका होता, तीन जागांवर फिरणारा. माहितीपत्रक जपानीत. कलावंताला माहितीपत्रक लागत नाही. खटका पहिल्यावर ठेवून पुकारलं, "एरंडोल, जळगाव..." आवाज असा गंभीर घुमला की बाकावरच्या एका म्हातारीने भोंग्याला हात जोडले. छान. खटका दुसऱ्यावर.

"शिंदखेडा जादा गाडी फलाट तीनवर लागली आहे!"

भोंगे म्हणाले, "...लागली आहे! ...लागली आहे! ...लागली आहे!"

काय मजा! उतरत्या पायऱ्यांसारखा आवाज. मी डोळे मिटून पुन्हा पुकारलं, "जादा गाडी!" भोंगे म्हणाले, "जादा गाडी... जादा गाडी... जादा गाडी..."

डोळे उघडून पाहतो तर शिंदखेड्याची गाडी उभी, आणि तिच्यात एक माणूस चढत नव्हता! लग्नसराईचे दिवस, शंभर-सव्वाशे माणसं फलाटावर, बोचकी, पेट्या, आहेराच्या परातींसकट. सगळी आरामात बसलेली. ड्रायव्हरने वाट पाहिली, हॉर्न दिला, आणि रिकामी गाडी घेऊन आनंदाने निघून गेला.

मी खिडकीतून ओरडलो, "अहो चढला का नाहीत?"

फलाटावरचे चिंधाआबा उठून खिडकीशी आले. पांढरं धोतर, कानामागे बिडी, चेहऱ्यावर सगळं समजल्याचा भाव.

"आम्ही काय येडा शेतस का भाऊ? पहिली गाडीमा गर्दी व्हस. तू तीन गाड्या सांग्यात ना? आम्ही तिसरीमा बसतस."

"तीन नाही हो आबा! एकच होती. ती इको होती, इको!"

"इको गाडी?" मागून एक जण म्हणाला. "म्हंजे साधी का निमआराम?"

"गाडी नाही! आवाज परत परत येतो, त्याला इको म्हणतात!"

"बरोबर," आबा शांतपणे म्हणाले. "गाडी परत परत येस. मंग बसतस आम्ही."

आणि खरोखर बसले! सव्वाशे माणसं फलाट तीनवर नसलेल्या दोन गाड्यांची वाट पाहत बसली. कुणी भाकरीचं फडकं सोडलं. समजावून समजावून माझा घसा बसला. एवढ्यात धनसिंग आला. चारला यायचा तो पावणेचारलाच टपकला.

"मंग भाऊ, काय ठरवलं? घेतो का?"

"थांब जरा. तिसरी जागा बघायची राहिलीय." मी खटका तिसऱ्यावर फिरवला.

"लोक बाह्यर का बरं बोंबलून राह्यले?"

"त्यांना इको कळत नाही!" माझा संयम सुटला. इतके दिवस जे सोसलं ते सगळं वर आलं. लोटनभाऊंचे फुटाणे, कुंदाबाईंचा गोळा, आबांची तिसरी गाडी. मी रागाने पाय आपटला, तो नेमका पेडलवर, आणि तसाच दाबून म्हणालो, "या लोकांना कान आहेत, ते बिडी अडकवायला!"

आणि पाय उचलला.

त्या तिसऱ्या जागेचा गुण मला नंतर कळला. पाय दाबलेला असेपर्यंत जे कानी पडेल ते पेडल पोटात धरून ठेवतं, आणि पाय उचलला की तेवढंच ओकत बसतं. न थकता!

चारी भोंग्यांतून माझाच आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. "या लोकांना कान आहेत, ते बिडी अडकवायला! या लोकांना कान आहेत, ते बिडी अडकवायला! या लोकांना कान आहेत..."

सव्वाशे माणसं उठली. त्यातल्या निम्म्यांचा हात आपसूक कानामागे गेला, बिडी चाचपली, आणि मग सगळ्यांच्या नजरा माझ्या खिडकीकडे वळल्या. इको कळत नव्हती. हे मात्र एकदम कळलं!

"भाऊ, एकदाच बोलला तरी ऐकू येतं लोकाइले," धनसिंग पुटपुटला आणि भिंतीला चिकटला.

पेडलची वायर उपटायची, असं तुम्ही म्हणाल. घरी बसून सुचतं! मला सुचलं नाही. अँप्लिफायरचं बटण तुटून दोन वर्षं झाली होती. तो थेट मेन स्विचवर चालायचा आणि मेन स्विच कॅन्टीनच्या भिंतीवर. खिडकीत चिंधाआबांचं तोंड. "कोनले म्हने रे बिडी? कोनले?" त्यांच्या मागे आणखी पंधरा तोंडं. आणि वर भोंगा, "बिडी अडकवायला!"

तेवढ्यात दार धाडकन उघडून मॅनेजरसाहेब आत आले. फाटकापासून पळत आले असावेत; तोंडाला फेस.

"सुरवाडे! काय चाललंय हे?"

"साहेब, बंद करतोय, बंद करतोय!" मी टेबलाखाली पेडलवर जोरात पाय दाबला. भोंगे गप्प झाले. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं, दचकले, आणि माझ्यावर वाकून ओरडले,

"टकल्या आला! बंद कर!"

मी पाय उचलला.

"टकल्या आला! बंद कर!" भोंग्यांनी मॅनेजरसाहेबांच्या आवाजात सांगितलं. "टकल्या आला! बंद कर! टकल्या आला!..."

फाटकातून आत आलेली जीप स्टँडच्या मधोमध थांबली. मोठे साहेब उतरले. उन्हामुळे डोकं पुसायला त्यांनी नुकतीच टोपी काढली होती. चार कोपऱ्यांतून त्यांचं स्वागत होत होतं. त्यांनी एका भोंग्याकडे पाहिलं. दुसऱ्याकडे पाहिलं. टोपी पुन्हा घातली.

मॅनेजरसाहेबांचा चेहरा कुंदाबाईंच्या पापडांसारखा झाला. आधी पांढरा, मग गोळा.

कुंदाबाईंनीच शेवटी मेन स्विच खाली ओढला. माझ्यावर दया आली म्हणून नव्हे. कॅन्टीनमध्ये कुणाची ऑर्डर ऐकू येत नव्हती म्हणून. पंखे थांबले, भोंगे थांबले. त्या शांततेत मोठ्या साहेबांच्या बुटांचा आवाज माझ्या दारापर्यंत आला.

"टकल्या कोण?" त्यांनी विचारलं.

मॅनेजरसाहेबांनी दारातून समोरच्या गाडीच्या चाकाकडे पाहिलं. मग म्हणाले,

"टायर, साहेब."

"टायर?"

"घासून गुळगुळीत झालेला टायर, साहेब. आमच्याकडे त्याला टकल्या म्हणतात. तशी गाडी आत आली की भोंग्यावरून सांगतो, बंद करा म्हणून. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी."

माणूस भित्रा, पण डोकं कधी चालेल सांगता येत नाही! मोठ्या साहेबांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, "दाखवा."

डेपोतल्या गाड्यांच्या रांगेतून ते वाकून वाकून फिरले. आणि खरोखर चार गाड्यांचे टायर आरशासारखे निघाले! साहेबांनी त्या गाड्या तिथेच उभ्या करायला लावल्या आणि जाताना मॅनेजरसाहेबांच्या पाठीवर हात ठेवला. "आपल्याच डेपोचा दोष भोंग्यावरून सांगायला छाती लागते," म्हणाले. वर शाबासकीचं पत्र!

मला वाटलं, त्यातली निम्मी शाबासकी तरी माझ्याकडे येईल. मला मेमो आला. 'शासकीय भोंग्याचा खासगी उपयोग' या कारणासाठी माझी बदली पार्सलच्या खोलीत झाली. तिथे माइक नाही, भोंगा नाही. नुसती केळीची करंडी आणि टोपल्यांतली कोंबडी.

शिंदखेड्याची माणसं? उभ्या केलेल्या चार गाड्यांच्या बदल्यात साहेबांनी धुळ्याहून तातडीने गाड्या मागवल्या. त्यातल्या दोन शिंदखेड्याला गेल्या. चिंधाआबा दुसरीत खिडकीशी बसले. जाताना मला म्हणाले, "पाह्यं? येस म्हणीसन सांगतलं व्हतं ना मी?"

धनसिंगने पेडल खिशात घातलं होतं. "भाऊ, तुले द्यायला हरकत नाही," तो म्हणाला, "पण तू ते काय करशील याचा नेम नाही." आणि ते शिरपूरला गेलं.

म्हणजे निवड आपोआप झाली. उरला तोतारामचा डबा! मी तो त्याच्याकडे परत टाकला आणि दम भरला, "जयंतीपर्यंत हा गडगडाट काढून दे. नाही तर तुझं नाव रेडिओवाल्यांतून कायमचं खोडतो."

चौदा एप्रिलला संध्याकाळी साडेसातला मैदान फुललं होतं. निळे झेंडे, दिव्यांच्या माळा, बायकापोरं पुढे बसलेली. कीबोर्डवाला त्या बटणावर बोट ठेवूनच बसला होता. लोटनभाऊ माझ्या कानाशी म्हणाले, "पितांबर, आज शेवटची संधी."

तोतारामने डबा माझ्या पायाशी आणून ठेवला, वायरी जोडल्या आणि काहीतरी सांगायला लागला. मी हाताने गप्प केलं. कार्यक्रमाआधी कलावंताशी बोलू नये, एवढंही त्याला कळत नाही.

आणि मी वाजवलं! काय वाजवलं! एकेक सूर भिजलेला, ओथंबलेला, मैदानाच्या टोकाला जाऊन परत येत होता. डबा एकदाही गडगडला नाही. गाण्यानंतर टाळ्या थांबेनात. लोटनभाऊंनी माइकवरून सांगितलं, "गिटारवर आपले पितांबर सुरवाडे!" कीबोर्डवाल्याने बटणावरचं बोट काढून घेतलं.

मध्यंतरात मंडपामागे चहा घेताना मी सगळ्यांना जरा शिकवलं. अधिकारच होता माझा. "ऐकलंत? याला रिव्हर्ब म्हणतात. जपानी पेडल मी हातात घेऊन नाकारलं. का? त्यात जान नाही. स्प्रिंगेची जी खोली आहे, जो थर आहे, तो ओळखायला कान लागतो! आज प्रत्येक सुरामागे मला स्प्रिंग ऐकू येत होती." लोटनभाऊ मान डोलवत होते. तबलजी तोंड उघडं ठेवून ऐकत होता. दहा मिनिटं मी बोललो.

तोताराम कोपऱ्यात बशीतून चहा पीत होता. बशी खाली ठेवून तो म्हणाला,

"दादा, मघाशी तेच सांगत होतो. गडगडाट काही केल्या जाईना, म्हणून दोन्ही स्प्रिंगा दुपारीच काढून टाकल्या. डब्यात काही नाही. वायर या तोंडातून आत, त्या तोंडातून सरळ बाहेर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. लोटनभाऊंची मान डोलता डोलता मध्येच थांबली.

मी चहाचा एक घोट घेतला.

"तेच तर म्हणतोय मी!" मी म्हणालो. "आवाजात केवढा मोकळेपणा होता!"